विश्लेषण : इंग्रजी वाचता येते, पण अर्थ का लागत नाही? शब्दांची फोड कशी उपयोगी पडते?

मूल इंग्रजीचा उतारा खणखणीत आवाजात वाचते. पण ‘यात काय सांगितले आहे?’ असे विचारले की गप्प होते. मराठी आणि सेमी-इंग्रजी माध्यमातील अनेक पालकांचा हा अनुभव आहे. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. तरीही वरच्या इयत्तांतील लांबलचक शब्द मुलांना अडवतात. यावर पाठांतरापेक्षा शब्दाची रचना ओळखणे हा अधिक टिकाऊ उपाय ठरू शकतो. तो कसा, हे समजून घेऊ.

वाचन आणि आकलनात अंतर का पडते?

फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर या अभ्यासकांनी १९८६ मध्ये वाचनाचे एक सोपे सूत्र मांडले. वाचून समजणे म्हणजे अक्षरांवरून शब्द ओळखता येणे गुणिले भाषा समजणे. ही बेरीज नाही, गुणाकार आहे. एक बाजू शून्य असेल तर उत्तरही शून्य. अस्खलित वाचणाऱ्या मुलाची पहिली बाजू भक्कम असते, पण शब्दांचे अर्थ ठाऊक नसल्याने दुसरी लंगडी पडते.

मग सगळे शब्द पाठ करायचे का?

ते शक्यच नाही. विल्यम नॅगी आणि रिचर्ड अँडरसन यांनी १९८४ मध्ये काढलेल्या अंदाजानुसार, अमेरिकेतील शालेय छापील इंग्रजीत ८८ हजारांहून अधिक शब्दकुटुंबे आहेत. रोज दहा शब्द पाठ केले तरी ती संपायला चोवीस वर्षे लागतील. मात्र यातील बरेच शब्द छोट्या अर्थपूर्ण तुकड्यांनी बनलेले असतात आणि तेच तुकडे पुन्हा पुन्हा येतात. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गणनेनुसार, शालेय इंग्रजीतील उपसर्ग लागलेल्या शब्दांपैकी सुमारे ५८ टक्के शब्द ‘अन’, ‘री’, नकारार्थी ‘इन’ आणि ‘डिस’ या चारच उपसर्गांचे आहेत. वीस उपसर्गांत ९७ टक्के शब्द येतात.

फोड म्हणजे नेमके काय?

‘अनप्रेडिक्टेबल’ हा शब्द घ्या. ‘अन’ म्हणजे नाही, ‘प्रेडिक्ट’ म्हणजे आधी सांगणे, ‘एबल’ म्हणजे शक्य असलेले. म्हणजेच, आधी सांगता न येणारे. यातला ‘डिक्ट’ म्हणजे बोलणे, सांगणे. तो एकदा ओळखीचा झाला की ‘डिक्टेशन’ आणि ‘काँट्रडिक्ट’ही परके राहत नाहीत.

इंग्रजी स्पेलिंगही इथे मदतीला येते. ‘साइन’मधला ‘जी’ ऐकू येत नाही, तरी तो लिहितात. कारण ‘सिग्नल’ आणि ‘सिग्नेचर’ या भावंडांशी असलेले नाते तो दाखवतो.

मराठी मुलांना हे जड जाईल का?

उलट, त्यांच्या हाती आधीच किल्ली आहे. आहार, विहार, प्रहार, संहार या शब्दांत उपसर्ग बदलला की अर्थ बदलतो, हे मराठी व्याकरणात शिकवले जाते. इंग्रजीत इम्पोर्ट, एक्स्पोर्ट, ट्रान्सपोर्ट यांचे तसेच आहे. ‘निः’चे निर्जीव, निष्फळ, निस्तेज असे रूप बदलते, तसेच ‘इन’चे इम्पॉसिबल, इल्लीगल, इर्रेग्युलर होते.

सेमी-इंग्रजीच्या मुलांना तर विज्ञानाच्या मराठी संज्ञांचा थेट उपयोग होतो. ‘फोटोसिंथेसिस’ म्हणजे प्रकाशसंश्लेषण, ‘थर्मामीटर’ म्हणजे तापमापी, ‘हायड्रोइलेक्ट्रिक’ म्हणजे जलविद्युत. तुकड्याला तुकडा जुळतो. त्यामुळे मराठी संज्ञा बाजूला ठेवण्यापेक्षा ती इंग्रजी शब्दाशेजारी लिहिलेली बरी.

घरी, वर्गात काय करता येईल?

मायकेल किफर आणि नोनी लेसो यांनी इंग्रजी शिकणाऱ्या मुलांसाठी २००७ मध्ये सुचवलेला क्रम चार पायऱ्यांचा आहे :

• हा शब्द आपल्याला माहीत नाही, हे आधी ओळखा.
• त्यात ओळखीचा उपसर्ग, प्रत्यय किंवा मूळ शब्द आहे का, ते पाहा.
• तुकड्यांवरून अर्थाचा अंदाज बांधा.
• तो अंदाज वाक्यात बसतो का, ते तपासा.

सुरुवात मोबाइलवरून करता येईल. रिचार्ज, रिफंड, अनलॉक, अनफॉलो, प्रीपेड, पोस्टपेड, डिस्कनेक्ट हे शब्द घरातल्या सर्वांना माहीत असतात. त्यातले ‘री’, ‘अन’, ‘प्री’, ‘पोस्ट’, ‘डिस’ मुलाला शोधू द्या. मग त्याच उपसर्गाचे नवे शब्द पाठ्यपुस्तकातून काढायला सांगा. आठवड्याला एक उपसर्ग पुरे.

फसगत कुठे होते?

चौथी पायरी गाळली की होते. ‘अंकल’ आणि ‘अंडर’मधला ‘अन’ उपसर्ग नाही. ‘इन’चा अर्थही दर वेळी नकारार्थी नसतो. इंधनाच्या टँकरवर ‘हायली इनफ्लेमेबल’ लिहिलेले असते. ‘इन’ म्हणजे नाही, असे धरून ‘न पेटणारे’ असा अर्थ लावला, तर तो जिवावर बेतेल. या शब्दाचा अर्थ चटकन पेट घेणारे असा आहे.

शिवाय शब्दाची फोड हे आकलनाचे एकच साधन आहे. विषयाची माहिती, वाक्यरचनेची समज आणि भरपूर वाचन यांची जागा ते घेऊ शकत नाही. पण अनोळखी शब्द दिसताच पुस्तक मिटणारे मूल ‘यात ओळखीचे काय आहे?’ असे विचारू लागले, तर परीक्षेतला उतारा त्याला सोपा जाईलच. पुढे ‘नॉन-रिफंडेबल’ लिहिलेल्या अर्जावर पैसे भरण्यापूर्वी ते दोनदा विचारही करेल.