कैदेतला डॉक्टर कुणाचा?

सेवाग्राम वर्धा जिल्ह्यात आहे आणि पुलगावचा लष्करी दारूगोळा डेपोही वर्धा जिल्ह्यातच आहे. एकीकडे गांधीजींची कुटी, दुसरीकडे देशातलं एक सर्वांत मोठं दारूगोळ्याचं कोठार. ३१ मे २०१६ रोजी मध्यरात्रीनंतर पुलगावच्या डेपोत आग लागून स्फोट झाले, तेव्हा जखमींना उपचारासाठी सावंगी मेघेच्या रुग्णालयात आणलं होतं. शांततेचा काळ होता, त्यामुळे रस्ता मोकळा होता आणि डॉक्टरही मोकळे होते. रणांगणावर या दोन्ही गोष्टी गृहीत धरता येत नाहीत. तिथे कधी कधी जखमींसकट अख्खं हॉस्पिटल शत्रूच्या हाती पडतं. मग हातात सुरी धरून उभ्या असलेल्या सर्जनचं काय होतं? तो कैदी होतो, की डॉक्टरच राहतो?

या प्रश्नाचं कागदावरचं उत्तर जुनं आहे. प्रत्यक्षातलं उत्तर शोधायचं तर महाराष्ट्राशी थेट नातं असलेल्या एका पराभवाकडे जावं लागतं. ते ठिकाण म्हणजे मेसोपोटेमियातलं, आजच्या इराकमधलं, तैग्रिस नदीच्या वळणात वसलेलं कुत अल-अमारा. पहिल्या महायुद्धात तिथे तुर्कांच्या वेढ्यात सापडलेल्या ब्रिटिशांच्या हिंदी सैन्याचं नावच ‘सहावी (पूना) डिव्हिजन’ होतं. तिच्या तीन ब्रिगेडींत मराठ्यांच्या तीन पलटणी होत्या : ‘जंगी पलटण’ म्हणून ओळखली जाणारी १०३ वी, शिवाय ११० वी आणि ११७ वी. कोकणातली आणि घाटावरची पोरं बोटीने बसऱ्याला उतरली आणि नदी धरून बगदादच्या दिशेने वर सरकत गेली.

नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या अलीकडे टेसिफॉन इथे ही फौज अडली. या एका लढाईत मृत आणि जखमी मिळून तिची साडेचार हजारांच्या आसपास माणसं गेली. जखमींना न्यायला रुग्णवाहिका जवळजवळ नव्हत्याच. होत्या त्या सामान वाहायच्या, स्प्रिंग नसलेल्या दुचाकी खेचरगाड्या. मांडी मोडलेल्या माणसाला अशा गाडीत घालून खाचखळग्यांच्या वाळवंटातून मैलोन्मैल नेणं म्हणजे काय, हे कुठल्याही हाडवैद्याला विचारा. नदीवर पोचलेल्या जखमींची गतही फारशी वेगळी नव्हती. ‘मेजिदिया’ नावाची बोट बसऱ्याला लागली, तेव्हा तिच्या कडेने लोंबणारं काहीतरी मेजर मार्कहॅम कार्टर या ‘इंडियन मेडिकल सर्व्हिस’च्या (आयएमएस) डॉक्टरला दुरून दोरखंडासारखं दिसलं. जवळ गेल्यावर कळलं, ती वाळलेली विष्ठा होती. हगवणीने बेजार झालेल्या, हलताही न येणाऱ्या माणसांना दिवसेंदिवस डेकवर तसंच ठेवलं होतं. कार्टरने हे लिहून वर कळवलं, तर वरिष्ठांनी त्यालाच लुडबुड्या ठरवून दमात घेतलं. पुढे चौकशी आयोग बसला, १९१७ मध्ये त्याचा अहवाल आला आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांना राजीनामा द्यावा लागला. वैद्यकीय बेपर्वाईमुळे मंत्र्याची खुर्ची जावी, असे प्रसंग इतिहासात थोडेच.

टेसिफॉनहून मागे हटलेलं सैन्य ३ डिसेंबर १९१५ रोजी कुतमध्ये शिरलं आणि चार दिवसांत तुर्कांनी वेढा आवळला. तो १४७ दिवस टिकला. गावातल्या बाजारपेठेत हॉस्पिटल थाटलं गेलं. वैद्यकीय विभागाचे प्रमुख होते कर्नल पॅट्रिक हेहिर. त्यांनी आणि त्यांच्या हाताखालच्या डॉक्टरांनी त्या गावात जे पाहिलं, ते आजही आहारशास्त्राच्या वर्गात सांगावं असं आहे.

वेढ्यातल्या गोऱ्या सैनिकांना बेरीबेरी झाला आणि हिंदी सैनिकांना स्कर्व्ही. गाव एक, पाणी एक, शत्रू एक, पण आजार दोन. कारण चुली वेगळ्या होत्या. गोऱ्यांच्या वाट्याला मैद्याचा पाव येई. कोंडा काढून टाकलेल्या त्या पिठात आज आपण ‘बी-वन’ म्हणतो ते जीवनसत्त्व नावालाही नव्हतं. हिंदी शिपाई कणकेची रोटी खात होता, म्हणून बेरीबेरी त्याच्या वाटेला गेला नाही. पण त्याला भाजीपाला मिळेना, आणि घोड्याचं मांस तो खाईना. गोरे ते खात होते आणि ताज्या मांसातून थोडं का होईना ‘क’ जीवनसत्त्व त्यांच्या पोटात जात होतं. जीवनसत्त्वाची कल्पना तेव्हा अगदीच नवी, कासिमिर फुंकने तो शब्द वापरात आणून जेमतेम तीन-चार वर्षं झाली होती. तरीही डॉक्टरांनी अनुभवावरून बरोबर तेच केलं. गोऱ्यांच्या पावात जव आणि कणीक मिसळली, आणि बेरीबेरी ओसरला. हिंदी सैनिकांसाठी रानपाला गोळा करून शिजवायला लावला. घोड्याच्या मांसाबद्दल मात्र डॉक्टरांचा शब्द पुरला नाही. हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंची परवानगी बिनतारी संदेशाने मागवावी लागली. ती आल्यावरही, गावाकडे आपल्याला वाळीत टाकतील या धास्तीने अनेकांनी एप्रिल उजाडेपर्यंत त्या मांसाला हात लावला नाही. तोवर हिरड्या सुजल्या होत्या आणि जुन्या जखमा भरेनाशा झाल्या होत्या. या हट्टावर इंग्रज लेखकांनी बरीच नाकं मुरडली आहेत. पण गावकीचा बहिष्कार काय असतो हे ज्याला ठाऊक आहे, तो त्या शिपायाला मूर्ख म्हणणार नाही.

सुटकेसाठी धाडलेल्या फौजेचेच सुमारे २३ हजार लोक मृत किंवा जायबंदी झाले. विमानांतून पोती टाकून धान्य पुरवण्याचा इतिहासातला जवळजवळ पहिलाच प्रयत्न झाला, तोही अपुरा पडला. अखेर २९ एप्रिल १९१६ रोजी कुतमधल्या फौजेचा सेनापती जनरल टाउनशेंड याने शरणागती पत्करली. बाजारबुणग्यांसह सुमारे १३ हजार लोक तुर्कांच्या ताब्यात गेले, त्यांत हिंदी माणसंच बहुसंख्य होती. आणि त्यांच्याबरोबर त्यांचे डॉक्टर.

आता कागद काय म्हणतो ते पाहू. १८६४ च्या पहिल्या जिनिव्हा कराराने रणांगणावरच्या वैद्यकीय पथकांना तटस्थ मानलं. ऑटोमन तुर्कस्तानने तो करार पुढच्याच वर्षी स्वीकारला होता. लाल चंद्रकोरीची खूणही १८७० च्या दशकात तुर्कांनीच रूढ केली. १९०६ च्या सुधारित कराराने आणखी स्पष्ट सांगितलं : शत्रूच्या हाती पडलेला डॉक्टर युद्धकैदी नाही. त्याने आपलं काम शत्रूच्या देखरेखीखाली चालू ठेवावं आणि गरज संपली की त्याला परत पाठवावं. खरी मेख ‘गरज संपली की’ या शब्दांत आहे. हजारो आजारी कैदी असताना गरज कधी संपणार? आणि ती संपली हे ठरवणार कोण? ज्याने पकडलं, तोच. म्हणजे कायद्याने डॉक्टरला कैदी म्हणायचं नाकारलं, पण कैदेतून बाहेर काढलं नाही.

शरणागतीनंतर सर्वांत अत्यवस्थ असलेल्या हजारभर रुग्णांची अदलाबदल होऊन सुटका झाली. उरलेल्यांची ताटातूट केली गेली. टाउनशेंड इस्तंबूलजवळच्या बेटावर ऐषआरामात राहिला. गोऱ्या अधिकाऱ्यांची वेगळी सोय लागली, आणि शिपायांना बगदाद, समारा, मोसुल, निसिबिन करत वाळवंटातून पायी हाकललं गेलं. हिंदी कैद्यांतल्या फार मोठ्या संख्येला रास अल-ऐन इथे नेऊन बगदाद रेल्वेच्या कामाला जुंपलं. वाटेवर जिथे जिथे आजारी मागे टाकले गेले, तिथे तिथे एखादा डॉक्टर, एखादा सब-असिस्टंट सर्जन आणि थोडे मदतनीसही मागे राहिले. हॉस्पिटल म्हणायला एखादी सराई किंवा रिकामी कोठी. औषधं जवळपास नाहीतच.

या सब-असिस्टंट सर्जनांबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत. आयएमएसचे अधिकारी लंडनची परीक्षा देऊन आलेले, बहुतेक गोरे. सब-असिस्टंट सर्जन मात्र मेडिकल स्कुलांतून शिकलेला देशी माणूस. हुद्दा जमादार-सुभेदाराच्या पातळीचा, पगार तोकडा. पण पलटणीतल्या शिपायाची भाषा त्याला कळायची, आणि पट्टी बहुतेक वेळा तोच बांधायचा. लष्करी इतिहासाच्या जाडजूड खंडांत या माणसाला फार तर अर्धं वाक्य मिळतं.

ज्याच्याबद्दल पुष्कळ कळतं असा एक डॉक्टर आहे : कॅप्टन कल्याणकुमार मुखर्जी. जन्म १८८२, कलकत्ता. इंग्लंडला जाऊन पुढचं शिक्षण घेतलं, आयएमएसमध्ये दाखल झाला आणि पूना डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियात आला. टेसिफॉन पाहिलं, वेढा पाहिला, कैद पाहिली. घरी लिहिलेल्या पत्रांत तो साम्राज्याच्या लढायांविषयी आणि देशाभिमानाच्या नावाने चाललेल्या कत्तलींविषयी ज्या कडवटपणे लिहितो, ते ब्रिटिश गणवेशातल्या अधिकाऱ्याच्या लेखणीतून आलंय हे विसरायला होतं. रास अल-ऐनच्या छावणीत टायफसची साथ आली. टायफस उवांमधून पसरतो. शार्ल निकोलने ते १९०९ मध्येच दाखवून दिलं होतं. पण अंगावर एकच कपडा, साबण नाही, पाणी उकळायला जळण नाही, अशा छावणीत हे ज्ञान घेऊन डॉक्टर करणार काय? रुग्णाच्या सर्वांत जवळ जाणारा माणूस तोच, म्हणून उवाही आधी त्याच्याच अंगावर. १८ मार्च १९१७ रोजी मुखर्जी रास अल-ऐनलाच गेला. वयाची पस्तिशीही त्याने गाठली नव्हती.

त्याची गोष्ट टिकली ती त्याच्या आजीमुळे. मोक्षदादेवी या काँग्रेसचे पहिले अध्यक्ष व्योमेशचंद्र बॅनर्जी यांच्या भगिनी. नातवाची पत्रं जुळवून त्यांनी उतारवयात ‘कल्याण-प्रदीप’ हे पुस्तक लिहिलं, ते १९२८ मध्ये निघालं. त्याच छावणीतल्या हॉस्पिटलात राबलेला दुसरा बंगाली तरुण शिशिरप्रसाद सर्वाधिकारी. हा डॉक्टर नव्हता, बंगाल अँब्युलन्स कोअरमध्ये स्वेच्छेने भरती झालेला साधा स्वयंसेवक होता. कैदेत त्याने डायरी ठेवली, सापडू नये म्हणून तिचे तुकडे बुटात लपवले आणि पुढे सगळं पुन्हा लिहून काढलं. रुग्णसेवेच्या नोंदींबरोबर आर्मेनियन लोकांच्या हत्याकांडाच्या खुणाही त्यात आहेत, कारण रास अल-ऐन हे त्या निर्वासितांच्या मरणवाटेवरचंही ठाणं होतं.

कुतच्या गोऱ्या शिपायांपैकी जवळजवळ ७० टक्के कैदेत मेले किंवा बेपत्ता झाले. हिंदी सैनिकांतला मृतांचा आकडाही हजारांत आहे, फक्त तो मोजण्याची तत्परता तेवढी दाखवली गेली नाही.

सेवाग्रामच्या रहिवाशाचा अनुभव इथे आठवतो. बोअर युद्धात गांधीजींनी सुमारे ११०० हिंदी लोकांचं रुग्णवाहक पथक उभं केलं आणि जानेवारी १९०० मध्ये स्पिऑन कोपच्या लढाईत जखमी वाहिले. १९०६ मध्ये, झुलूंच्या बंडाच्या वेळी, गोरे लोक ज्यांना हात लावायला तयार नव्हते त्या झुलू जखमींची शुश्रूषा त्यांच्या छोट्या तुकडीने केली. शत्रूच्याही जखमींची शुश्रूषा करावी, हे करारात छापलेलं तत्त्व तिथे मलमपट्टीच्या रूपात घडून गेलं. १९३८ मध्ये काँग्रेसने चीनला पाठवलेल्या वैद्यकीय पथकात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि वर्ध्याशेजारच्या नागपूरचे डॉ. चोळकर होते. कोटणिसांची कीर्ती सिनेमापर्यंत पोचली, आणि ती योग्यच आहे. पण ते आपल्या मर्जीने गेले होते. कुतच्या डॉक्टरांना ती मोकळीक नव्हती, आणि त्यांच्यावर सिनेमाही निघाला नाही.

पुढे कायदा सुधारला. १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा कराराच्या ३३ व्या कलमानुसार पकडलेले डॉक्टर आणि धर्मोपदेशक युद्धकैदी गणले जात नाहीत. पण कैद्यांना मिळणारं सगळं संरक्षण त्यांना किमान मिळालंच पाहिजे. छावणीबाहेर कामावर असलेल्या कैद्यांना तपासायला जाण्याचा त्यांना हक्क आहे आणि त्यासाठी वाहन पुरवणं पकडणाऱ्यावर बंधनकारक आहे. वैद्यकीय कामाखेरीज दुसरं काम त्यांच्याकडून सक्तीने करून घेता येत नाही. भारताने १९५० मध्ये हे करार मान्य केले आणि १९६० मध्ये त्यासाठी कायदा केला. रास अल-ऐनची छावणी डोळ्यांसमोर ठेवून हे कलम वाचलं, की त्यातल्या एकेका तरतुदीसाठी किती माणसं गेली असतील ते उमगतं. ‘गरज असेल तोवर’ हा जुना अडसर मात्र त्यातही शिल्लक आहे, आणि माझ्या मते तो काढता येण्यासारखा नाही. डॉक्टरला सोडलं, तर मागे राहिलेल्या रुग्णांना कोण पाहणार?

बसऱ्याच्या स्मारकावर मेसोपोटेमियात मेलेल्या ४० हजारांहून अधिक लोकांची नोंद आहे. हिंदी अधिकाऱ्यांची नावं त्यावर कोरली गेली, साध्या हिंदी शिपायांचा फक्त आकडा. कॉमनवेल्थ युद्धस्मशान आयोगाने २०२१ च्या अहवालात हा भेदभाव मान्य केला आहे. शिपायांची नावं आता आयोगाच्या संकेतस्थळावर शोधता येतात, पुष्कळदा वडिलांच्या आणि गावाच्या नावासकट. तुमच्या घरात पणजोबांचं एखादं पदक, उर्दू किंवा मोडीतलं लष्करी कार्ड, बसऱ्याहून आलेलं पत्र असेल, तर ते भंगारात घालू नका. पलटणीचा क्रमांक पाहा. तो १०३, ११० किंवा ११७ असेल, किंवा कार्डावर सब-असिस्टंट सर्जन, कंपाउंडर, डोलीवाला असं काही लिहिलेलं असेल, तर त्याचा फोटो काढून जवळच्या विद्यापीठाच्या इतिहास विभागाला नक्की दाखवा.