गादीपर्यंत पोचणारी दुर्बीण

“मणक्याचं ऑपरेशन नको, माणूस अधू होतो.” मराठवाड्यात हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. छत्रपती संभाजीनगरात घाटी रुग्णालयात येणारा शेतकरी असो की वाळूजच्या कारखान्यातला कामगार, या भीतीपायी पायातली कळ महिनोन्‌महिने अंगावर काढतो. भीतीला कारणही होतं. मणक्यांमधल्या गादीचा गर बाहेर येऊन नस दाबतो, हे बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार यांनी १९३४ साली मांडलं. पण तिथवर पोचायला पाठीचे स्नायू हाडापासून सोलून काढावे लागत. १९७७ च्या सुमारास सूक्ष्मदर्शक आला, छेद लहान झाला. १९९७ मध्ये फोली आणि स्मिथ यांनी नळीची पद्धत मांडली. तिच्यात स्नायू न कापता बाजूला सारले जातात.

आज दुर्बीण कुशीच्या बाजूनेही आत जाते. कातडीवर जेमतेम आठ मिलिमीटरचा छेद; एक्स-रेच्या पडद्यावर पाहत आधी सुई, मग तार, मग पेन्सिलीएवढी नळी. नसेच्या खालच्या ज्या त्रिकोणी जागेतून ती सरकते, ती कांबिन यांच्या नावाने ओळखली जाते. सलाइनची धार सतत चालू असते. पडद्यावर पिवळी चरबी, निळ्या रंगाने रंगवलेला गर आणि त्यामागे दबलेली नस दिसते. बारीक चिमट्याने गर निघाला की नस मोकळी होऊन पाण्यात हलू लागते. अनेकदा भूल फक्त त्या जागेपुरती दिलेली असते. “काका, पायात कळ येते का? अंगठा वर करा बरं!” असं डॉक्टर विचारतात. नसेला धक्का लागला तर काका लगेच सांगतात. मला या पद्धतीतली सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटते.

मात्र एमआरआयमध्ये गादी सरकलेली दिसली म्हणून ऑपरेशन, हे साफ चूक. १९९४ च्या एका अमेरिकी अभ्यासात कंबरदुखी नसलेल्या ९८ जणांची तपासणी झाली, तर निम्म्याहून अधिकांची गादी फुगलेली निघाली. बहुतेकांची कळ सहा ते बारा आठवड्यांत औषधं, हालचाल आणि व्यायामाने ओसरते. लघवी अडली किंवा जांघेत बधिरपणा आला तर मात्र त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठावं. पाऊल लुळं पडलं तरी दुखणं अंगावर काढू नये.

दुर्बिणीने केलं म्हणजे फार जास्त गुण येतो, असंही नाही. नेदरलँड्समधल्या सहाशेहून अधिक रुग्णांच्या २०२२ च्या अभ्यासात वर्षभरानंतर पायाचं दुखणं जुन्या पद्धतीपेक्षा थोडंसंच जास्त कमी झालेलं आढळलं. फायदा आहे तो स्नायू वाचण्याचा, लवकर उठून चालण्याचा. पण गादीची चीर भरायला वेळ लागतोच, आणि गर पुन्हा बाहेर येऊ शकतो. मुकादमाकडून उचल घेतलेला बीडचा ऊसतोड कामगार दुसऱ्या दिवशी चालत घरी जाईल. मोळी उचलायला मात्र त्याला काही आठवडे थांबावंच लागेल. त्या आठवड्यांत घर कसं चालणार, हे त्याला ऑपरेशनची तारीख देण्याआधीच विचारायला हवं.