मिनी ट्रॅक्टरला जादा दिवे? आधी फ्यूज!
द्राक्षबागेत रात्री फवारणीसाठी मिनी ट्रॅक्टरला एलईडी दिवे लावतात आणि वायर थेट बॅटरीला जोडून मोकळे होतात. ‘एलईडी करंट खातो कितीसा?’ हा युक्तिवाद हिशेबाने बरोबरच आहे. 27 वॅटचे दोन दिवे 12 व्होल्टवर साडेचार अँपिअर घेतात. तेवढ्यासाठी रिलेचीही सक्ती नाही, चांगला स्विच पुरतो. पण फ्यूज दिव्यासाठी नसतोच, वायरसाठी असतो. मडगार्डच्या पत्र्यावर घासून वायर सोलली, की बॅटरी शेकडो अँपिअर ओतू शकते, तीही डिझेलच्या नळीशेजारी. म्हणून 7.5 अँपिअरचा फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून वीतभर अंतरातच हवा. दिव्याजवळ बसवला तर मधली सगळी वायर बेवारस. आणि जादा दिवा मागे लावला असेल तर तो रस्त्यावर बंद ठेवा, मागून येणाऱ्याचे डोळे दिपतात.