लग्नाचं आमंत्रण, लढाईची हाक

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात १९९०च्या दशकाच्या अखेरीस पाइनची हिरवी जंगलं लाल पडू लागली. पुढच्या काही वर्षांत सुमारे १ कोटी ८० लाख हेक्टरांना झळ बसली. हे करणारा ‘माउंटन पाइन बीटल’ हा भुंगेरा जेमतेम ५ मिलिमीटरांचा, तांदळाच्या दाण्याएवढा. एकट्याने तो धडधाकट झाडाचं काहीच बिघडवू शकत नाही. त्याची सारी ताकद वासात आहे.

सुरुवात मादी करते. उन्हाळ्यात ती उडत येऊन साल पोखरू लागते. झाडही गप्प बसत नाही, जखमेतून राळ सोडतं. टर्पेंटाइनमध्ये असतं तेच अल्फा-पायनिन या राळेत असतं, आणि ते भुंगेऱ्यांना विषारी. पण मादीच्या शरीरात त्याचंच ट्रान्स-व्हर्बेनॉल होतं. ते हवेत मिसळलं की निरोप पोचतो: झाड सापडलंय, या. झाडाने बचावासाठी बनवलेलं रसायन असं त्याच्याच जिवावर उठतं!

मग नर येतात. तेही एक्झो-ब्रेव्हिकोमिन नावाचा आपला गंध सोडतात आणि गर्दी वाढत जाते. शेकडो भुंगेरे एकदम तुटून पडले की राळ अपुरी पडते. त्यांनी सोबत आणलेली निळी बुरशी पाण्याच्या वाहिन्या तुंबवते आणि झाड मरतं. पिल्लं वाढवायची तर झाडाचा प्रतिकार मोडायलाच हवा. म्हणून या कीटकांत लग्नाचं आमंत्रण आणि लढाईची हाक एकच असते.

सालीखालचं अन्न मात्र मोजकंच. दाटी झाली की अळ्या उपाशी मरणार. तेव्हा भुंगेऱ्यांसोबतचे सूक्ष्मजीव ट्रान्स-व्हर्बेनॉलपासून व्हर्बेनॉन बनवतात. अर्थ असा, की इथली जागा भरली. अमेरिकेत मोलाच्या पाइनवृक्षांवर व्हर्बेनॉनच्या पुड्या ठोकतात त्या याच जोरावर. मोठ्या उद्रेकात मात्र हा उपाय तोकडा पडतो.

आपल्या कोकणात माडाच्या खोडात शिरणाऱ्या सोंड्या भुंग्याचा नरही असाच गंध सोडून नर-माद्या दोघांना बोलावतो. १९९३ साली ओळख पटलेलं हे फेरुजिनिऑल आज कामगंध सापळ्यांत वापरतात. बागायतदारांनी एक गोष्ट जरूर पाळावी: सापळा कोवळ्या माडांपासून दूर, बागेच्या कडेला लावावा. गंधाच्या ओढीने आलेला प्रत्येक भुंगा सापळ्यात पडतोच असं नाही, आणि चुकलेला जवळच्याच माडावर उतरतो.