सह्याद्री घडवणारा ज्वालामुखी अजून जागा आहे, आणि त्याच्या तोंडापर्यंत चालत जाता येतं

राजगडाचा बालेकिल्ला चढताना आपण ज्या काळ्या कातळाला हात लावतो, तो कधीकाळी वाहता लाव्हा होता, हे आपण शाळेत शिकलेलो असतो. मग तो लाव्हा ओकणारा ज्वालामुखी गेला कुठे?

उत्तर भारी आहे. तो फारसा कुठे गेलाच नाही. आपणच निघून आलो.

साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी भारताचा भूखंड हिंदी महासागरात बराच दक्षिणेला होता. त्याच्याखाली पृथ्वीच्या पोटात एक प्रचंड तप्त जागा होती. भूवैज्ञानिक तिला हॉटस्पॉट म्हणतात. तिथून लाव्हा वर आला, थरावर थर बसले आणि दख्खनचं पठार तयार झालं. भारत उत्तरेकडे सरकत राहिला, हॉटस्पॉट मात्र जवळपास तिथेच राहिला आणि वरून सरकणाऱ्या तळाला भोकं पाडत गेला. लक्षद्वीप, मालदीव, छागोस, मॉरिशस या बेटांची रांग म्हणजे त्याच्या पाऊलखुणा. काही संशोधकांचं यावर वेगळं म्हणणं आहे, पण बहुतेकांना ही मांडणी मान्य आहे. या रांगेचं शेवटचं टोक म्हणजे रियुनियन बेट. मुंबईपासून साडेचार हजार किलोमीटरहून जास्त लांब, आकाराने गोव्याहून लहान आणि कारभाराने फ्रान्सचा भाग.

तिथला पितों द ला फुर्नेज हा २,६३२ मीटर उंचीचा ज्वालामुखी जगातल्या सर्वात सक्रिय ज्वालामुखींपैकी एक आहे. नावाचा अर्थ भट्टीचं शिखर. तरीही लोक एका दिवसात तिथे ट्रेक करून येतात. हे जमतं कसं? कारण त्याचा लाव्हा पातळ असतो. तो सहसा मोठा स्फोट न होता भेगांमधून वाहत बाहेर येतो. शिवाय बहुतेक उद्रेक आंक्लो फुके नावाच्या घोड्याच्या नालेसारख्या खोलगट भागातच होतात, आणि या नालेचं उघडं तोंड समुद्राकडे आहे. त्यामुळे लाव्हा सहसा तिकडेच उतरतो.

ट्रेक सुरू होतो पा द बेलकोंबपासून, म्हणजे सुमारे २,३०० मीटरवर. तिथे जाणारा रस्ता प्लेन दे साब्ल या लालसर-तपकिरी, ओसाड मैदानातून जातो. त्याचे फोटो मंगळ म्हणून खपवले तरी कुणाला शंका येणार नाही. मग कड्यावरून पाचशेहून जास्त पायऱ्या उतरायच्या आणि थंड झालेल्या लाव्हावर पाय ठेवायचा. वाटेत फोर्मिका लेओ नावाचा छोटा शंकू लागतो. कुठे लाव्हा दोरखंडासारखा पीळ घेऊन गोठलेला दिसतो, कुठे त्याचे नुसते धारदार ढेकळ. दोरखंडासारखा पीळ नीट बघून ठेवा, तसाच आपल्या सह्याद्रीतही काही ठिकाणी दिसतो. पुढे दोलोमियो विवराचा काठ. एप्रिल २००७ च्या उद्रेकात या विवराचा तळ ३०० मीटरहून जास्त खचला. काठ ठिसूळ आहे, म्हणून बघायची जागा ठरवून दिलेली आहे. जाऊन-येऊन पाच-सहा तास धरा.

आता मुद्द्याचं. या वाटेवर घात लाव्हा करत नाही, धुकं करतं. सकाळी आकाश निळंशार असतं आणि दुपारच्या आत ढग खाली उतरतात. वाट म्हणजे दगडावर रंगवलेले पांढरे ठिपके, बस. झाड नाही, पाणी नाही, सगळीकडे सारखाच काळा दगड. पुढचा ठिपका दिसेनासा झाला की दिशेचा पत्ताच लागत नाही. म्हणून तिथले गाईड पहाटेच निघतात. शिखराच्या वाटेवर एरवी गाईडची सक्ती नसते, पण पहिल्यांदा जात असाल तर पैसे वाचवायची ही जागा नव्हे. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे हिवाळा असतो, पहाटे तापमान शून्याजवळ जातं. "उष्ण कटिबंधातलं बेट आहे" म्हणून नुसत्या टी-शर्टवर गेलेले लोक कुडकुडतात.

बेटावरची वेधशाळा ज्वालामुखीची हालचाल सतत मोजत असते. उद्रेकाची चिन्हं दिसली की प्रशासन आंक्लोमध्ये जायला बंदी घालतं. तेव्हा उद्रेक बाहेरच्या कड्यांवरून बघायचा. रील चांगलं येईल म्हणून दोरी ओलांडू नये, कारण भेग कुठे उघडेल हे आधी कुणी सांगू शकत नाही.

बेटाचं पूर्वेचं अंग एकदम वेगळं आहे. समुद्रावरून येणारे वारे तिथे डोंगरावर आपटतात आणि पाऊस ओततात. फेब्रुवारी २००७ मध्ये गामेद चक्रीवादळात इथल्या एका विवरापाशी ७२ तासांत ३,९२९ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. मुंबईत २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला होता. तो २६ जुलै सलग तीन दिवस झाला असता, तरी एवढा आकडा आला नसता. म्हणूनच ट्रेकसाठी मे ते ऑक्टोबर हा काळ बरा.

या पावसाने लाव्हावर जंगल उगवतं, आणि गाईडसोबत चालायची खरी मजा इथेच आहे. ताज्या काळ्या दगडावर आधी राखाडी दगडफूल धरतं. मग भेगांमधून नेचे येतात, मग झुडपं, मग झाडं. वेगवेगळ्या वयाचे लाव्हाचे पट्टे शेजारीशेजारी असल्यामुळे हा सगळा प्रवास एकाच दिवसात बघता येतो. मार लोंगचं जंगल तर काही शतकांपूर्वीच्याच लाव्हावर उभं आहे. सखल भागातलं असं मूळ वर्षावन बेटावर आता फारच थोडं उरलंय. बाहेरून आलेला लाल पेरू तिथे वेगाने पसरतो. त्याची फळं चविष्ट असतात, पण बिया बुटाला चिकटून पुढे जातात, म्हणून बूट साफ करून मगच जंगलात शिरायचं.

याच बाजूला २००४ च्या लाव्हातली भुयारंही आहेत. वरचा थर गोठला, आतला लाव्हा वाहून गेला आणि पोकळी राहिली. तिथे हेल्मेट, हेडलॅम्प आणि गाईडशिवाय शिरायचा विचारही करू नका.

परतीच्या रस्त्यावर पितों सेंत-रोज गाव लागतं. १९७७ मध्ये लाव्हा आंक्लोच्या बाहेर फुटला आणि गावात शिरला. तो चर्चच्या दारापाशी आला, दोन्ही बाजूंनी वळसा घालून पुढे गेला, आणि चर्च उभं राहिलं. भाविक याला चमत्कार मानतात. वेधशाळा उभारली गेली ती या उद्रेकानंतर.

जायचा विचार असेल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. मॉरिशसहून विमानाने पाऊण तासात पोहोचता येतं, पण रियुनियन फ्रान्सचं असलं तरी शेंगेन क्षेत्रात नाही. युरोपचा व्हिसा आहे म्हणजे इथे चालेलच असं धरू नका. आणि डोंगरात अडकलात तर मदतीचा नंबर ११२.