उणे वीस अंशांत घाम नको

लडाखमध्ये जानेवारी-फेब्रुवारीत झंस्कार नदीवर बर्फाचा जाड थर धरतो. त्यालाच ‘चादर’ म्हणतात. खिंडी बर्फाने बंद झाल्या की झंस्कारच्या गावांना लेहकडे जायला पूर्वी हीच वाट असे. आता दर हिवाळ्यात देशभरातून गिर्यारोहक तिथे जातात आणि त्यांत पुण्या-मुंबईचेही बरेच असतात. रात्री पारा उणे २० अंश सेल्सिअसच्याही खाली उतरतो. जायची तयारी करणारे बहुतेक जण जाड जॅकेट शोधत फिरतात. शरीराचे विज्ञान मात्र सांगते, की जॅकेटइतकाच विचार घामाचा करायला हवा.

आपल्या शरीराचे आतले तापमान ३७ अंशांच्या आसपास असते. थंडी वाजू लागली की मेंदू आधी त्वचेकडच्या रक्तवाहिन्या आकसवतो. हृदय, मेंदू, यकृत यांची ऊब राखण्यासाठी हातापायांच्या बोटांचा रक्तपुरवठा कमी केला जातो. हिमदंश बोटे, नाक आणि कान यांनाच आधी गाठतो, तो यामुळे. एवढ्याने भागले नाही तर स्नायू थरथरू लागतात. हे कापणे म्हणजे उष्णता तयार करण्याचा शरीराचा उपाय. जोराने कापणारे शरीर विश्रांतीच्या कित्येक पट उष्णता निर्माण करते. पण त्यासाठी इंधन लागते. म्हणून थंडीत चालताना थोड्या थोड्या वेळाने खात राहणे गरजेचे असते.

ही उष्णता टिकवते ती कपड्यांत अडकलेली हवा. हवा उष्णतेची फार मंद वाहक आहे, तर पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते. कपडा घामाने भिजला की हवेची जागा पाणी घेते आणि महागडे जॅकेटही निकामी ठरते. शिवाय घाम वाळतानाही अंगातलीच उष्णता नेतो. सुती बनियन पाणी धरून ठेवते, म्हणून अंगालगत लोकरीचा किंवा घाम बाहेर सोडणाऱ्या कृत्रिम धाग्याचा कपडा हवा.

सह्याद्रीत वाढलेल्या गिर्यारोहकाला चादरवर आपली सवय मोडावी लागते. कळसूबाई झपाझप चढायची, वर पोहोचेपर्यंत निथळायचे आणि माथ्यावरच्या वाऱ्यात सुखावायचे, हे इथे चालते. तीच चाल झंस्कारमध्ये धोक्याची. तिथे चालायला लागण्यापूर्वीच एक थर उतरवायचा, सुरुवातीला थोडी थंडी वाजू द्यायची आणि घाम फुटणार नाही अशा वेगाने जायचे. थांबल्याबरोबर, अंग गार पडण्याआधी, तो थर पुन्हा चढवायचा.

वारा सुटला की हिशेब आणखी बदलतो. अंगाभोवती तापलेला हवेचा पातळ थर वारा सतत उडवून लावतो. पॉल सिपल आणि चार्ल्स पॅसल या अमेरिकी संशोधकांनी १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला अंटार्क्टिकावर प्लॅस्टिकच्या लहान नळकांड्यातले पाणी किती वेळात गोठते ते वेगवेगळ्या वाऱ्यांत मोजले. त्या कामातून ‘विंड चिल’ची कल्पना पुढे आली. आजच्या सूत्रानुसार तापमान उणे २० आणि वारा ताशी ३० किलोमीटर असेल, तर उघड्या त्वचेला ते उणे ३३ सारखे जाणवते.

कोरडी, थंड हवा प्रत्येक श्वासागणिक शरीरातले पाणी नेते. आकसलेल्या रक्तवाहिन्यांमुळे लघवीही जास्त होते. तहान मात्र फारशी लागत नाही. म्हणून कोमट पाणी, सूप आठवणीने प्यावे. मद्य कटाक्षाने टाळावे. त्याने त्वचेतल्या रक्तवाहिन्या फुलतात, ऊब आल्याचा भास होतो आणि शरीराची खरी उष्णता बाहेर जाते. थंडीबरोबर उंचीचेही भान हवे. लेहच सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. विरळ हवेशी जुळवून घ्यायला तिथे काही दिवस मुक्काम केल्याशिवाय नदीवर उतरू नये.

शरीराचे आतले तापमान ३५ अंशांखाली गेले की हायपोथर्मिया सुरू होतो. त्या माणसाला स्वतःला ते बहुधा कळत नाही, कारण मेंदूही मंदावलेला असतो. सोबत्यांनी ओळखायच्या खुणा चार : पाय अडखळणे, जीभ जड होणे, हातातून वस्तू निसटणे आणि विनाकारण चिडचिड. तापमान आणखी घसरले की कापणेही थांबते. थंडी कमी झाल्याचे ते लक्षण नव्हे, शरीर हरत असल्याचे आहे. अशा माणसाला आडोशाला न्यावे, ओले कपडे काढावेत, कोरड्या स्लीपिंग बॅगेत ठेवावे आणि त्वरित वैद्यकीय मदत मिळवावी. हिमदंश झालेला भाग चोळू नये, त्याला बर्फ लावू नये. पुन्हा गोठण्याची भीती असेल तर तो वाटेत वितळवूही नये.

सह्याद्रीत आपण माथा किती वेळात गाठला ते अभिमानाने सांगतो. हिमालयाच्या हिवाळ्यात मुक्कामी पोहोचल्यावर तपासायचे ते वेगळे : अंगालगतचा कपडा कोरडा आहे का, आणि सोबतचे सगळे नीट बोलताहेत का. गटाचा वेग या दोन उत्तरांवरून ठरावा.