चेन आधी, कापड मागाहून

संक्रांतीच्या हळदीकुंकवात लुटायच्या वाणांमध्ये चेनच्या छोट्या पाउचने आता हक्काची जागा मिळवली आहे. खणाचे किंवा जुन्या साडीच्या काठाचे, वर एखादी कोयरी भरलेले. अकोल्याकडची लाइन जिथे परभणी–नांदेड मार्गाला मिळते, त्या पूर्ण्यासारख्या गावातही घरगुती एम्ब्रॉयडरी मशीन असेल तर असा पाउच भरतकामापासून शिलाईपर्यंत एकाच फ्रेममध्ये तयार होऊ शकतो. शिवणकामात मुरलेल्या बायकांनाही हे चटकन पटत नाही, कारण इथे कामाचा क्रमच उलटा असतो.

शिलाईत कापड आधी बेततात, कापतात आणि मग चेन लावतात. इथे फ्रेममध्ये सुरुवातीला कापड नसतेच. नुसता एम्ब्रॉयडरीचा कागद ताणून बसवलेला असतो. मशीन त्यावर चेनची जागा आखणारी टीप मारते आणि थांबते. त्या रेघांवर चेन ठेवून दोन्ही टोके कागदी टेपने चिकटवायची. मशीन ती पक्की करते, पुन्हा थांबते. वरच्या भागाचे कापड चेनच्या काठावर उलटे ठेवायचे. टीप पडली की ते पलटायचे आणि वरून दाबटीप घ्यायची. खालच्या भागाचेही तसेच. मग कोयरी भरली जाते. शेवटी मागचे कापड सुलटी बाजू आत करून सगळ्यावर पसरायचे आणि मशीन चौफेर टीप मारते. कात्री लागते ती त्यानंतर: शिवणीबाहेर अर्धा सेंटिमीटर ठेवून कापायचे, कोपरे छाटायचे आणि चेनच्या तोंडातून पाउच उलटवायचा.

त्या चौफेर टिपेआधी चेनचा रनर अर्ध्यावर आणून ठेवावाच लागतो. चेन बंद राहिली तर उलटवायला वाटच उरत नाही. रनर शिवणीबाहेर राहिला तर कापताना चेनबरोबर तोही निघून जातो.

हे काम मशीन करते, बाईला काय करायचे असते, असे म्हणणाऱ्यांनी हे थांबे मोजावेत. एरवी मशीन थांबते ती दोऱ्याचा रंग बदलायला. इथे रंग तोच राहतो. थांबा मिळावा म्हणून पंचिंग करणारा, म्हणजे मशीनसाठी डिझाइनची फाइल बनवणारा, प्रत्येक टप्प्याला मुद्दाम वेगळा रंग देतो. मशीन टाका घालते, पण कापड सरळ पडले का, काठाची नक्षी मध्यावर आली का, टेप सुईच्या वाटेत तर नाही ना, हे सगळे त्या थांब्यात हातानेच पाहायचे असते. माझ्या मते या कामातले कसब तिथेच आहे.

चेन नायलॉनचीच हवी. सुई तिच्यावरून आडवी जाते. धातूच्या दातांवर आदळली तर मोडते. गिडिऑन सुंडबॅकने 1913 साली आजच्या चेनचा नमुना घडवला तेव्हा दात धातूचेच होते. नायलॉनची गुंडाळी फार पुढची, आणि तिच्याशिवाय हा पाउच फ्रेममध्ये झालाच नसता. भरतकामाच्या यंत्राची वाट आणखी लांब आहे. स्वित्झर्लंडच्या इसाक ग्रोब्लीने 1863 साली धोट्याचे भरतयंत्र केले. ते कारखान्यासाठी होते. घरात, टेबलावर मावणारे संगणकी भरतकाम 1990 साली जानोमेच्या मशीनने आणले. मराठवाड्यातल्या तांड्यांवर बंजारा बायका आरसे-कवड्या लावून पिशव्या भरत आल्या आहेत. त्या हाताच्या कामाची सर मशीनला नाही. पण वाणासाठी एकसारखे पन्नास पाउच हवे असतील, तर मशीनच बरी.

लहान फ्रेम दहा बाय दहा सेंटिमीटरची. त्यात सुट्टे पैसे, चावी, कानातले मावतील एवढाच पाउच होतो. वीज मध्येच गेली तर कागद-कापड फ्रेममधून काढायचे नाही, हा नियम पाळला की पुढचे वाचते. वीज आल्यावर टाक्यांच्या आकड्यावरून अडलेल्या जागी परत जाता येते.

असा पाउच घेताना चेन दोन-तीनदा पूर्ण उघडून लावावी. टोकाशी रनर अडखळत असेल तर तिथे चेन तिरकी बसली आहे. मग आतून शिवण पाहावी. चेन जिथे शिवणीत शिरते तिथे टीप दुहेरी असेल, तर पाउच टिकाऊ आहे. एकेरी असेल, तर रोजच्या ओढाताणीत आधी तिथेच उसवेल.